प्रॉसरचा हंगाम

गॉर्डनने कस्टर्डचा चमचा वाटीत परत ठेवला आणि रेडिओकडे बोट रोखलं.

“ऐकलंस? पुन्हा तेच.”

मार्जरीने मान हलवली. खिडकीशी आणून लावलेल्या पलंगावर ती तीन उशांना टेकून बसली होती. जिना चढणं जानेवारीत सुटलं, तेव्हा त्यांच्या मुलीने, जॅनेटने, आणि जावयाने पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणून दिला होता. रेडिओवर ब्रॅकनशॉ टाऊन या गावच्या फुटबॉल संघाचा नवा मॅनेजर इमलिन प्रॉसर सामना संपल्यावर बोलत होता. वेल्सकडचा आवाज, संथ, हेलकावे घेणारा. आज आम्ही वाईट खेळलो, तो म्हणत होता. नशीब वाईट नव्हतं, पंच वाईट नव्हता, आम्हीच वाईट होतो.

“घरच्या माणसांची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडतात का?” गॉर्डन म्हणाला आणि चमचा पुन्हा भरला.

आधीचा मॅनेजर मिक टॅटरसल अकरा वर्षं होता. संघ सलग सहा सामने हरला तरी हा माणूस हसत बाहेर यायचा, स्टँडकडे बघून मूठ उंचावायचा, आणि ‘ईस्टरपर्यंत सगळं ठीक होईल’ म्हणायचा. काही वर्षं ते झालंही. डिसेंबरात मालकांनी त्याला काढलं आणि प्रॉसरला आणलं. प्रॉसर कोटाच्या खिशात हात घालून मैदानाच्या कडेला उभा राहायचा. ओरडायचा नाही, स्टँडकडे बघायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने पस्तिशीच्या कप्तानाला समोर बसवून सांगितलं, की तुझे पाय आता संपले, या हंगामात मी तुला खेळवणार नाही. कप्तान रडला असं गावात सगळे म्हणत होते.

गॉर्डन हॅलिवेलने बस डेपोत चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली, आणि त्यापेक्षा जास्त वर्षं पूर्वेकडच्या स्टँडमध्ये काढली. मार्जरी नेहमी बरोबर असायची. यंदा तिची खुर्ची रिकामी होती. फेब्रुवारीच्या एका सामन्यात पलीकडच्या खुर्चीवरच्या डेनिसला तो म्हणाला होता, “हा मॅनेजर आहे का मयताचं सामान विकणारा? याचं तोंड बघूनच पोरं अर्धी मरतात.”

डेनिस हसायच्या बेतात होता. मग त्याची नजर मधल्या रिकाम्या खुर्चीवर गेली आणि तो मैदानाकडे बघू लागला. त्यानंतर गॉर्डनने मैदानावर जाणं सोडलं. शनिवारी दुपारी दोघं घरीच रेडिओ ऐकत.

मार्चमध्ये क्लबने चाहत्यांची सभा बोलावली. शेजारीण तासभर मार्जरीपाशी बसायला आली म्हणून गॉर्डन गेला. तो कधी सभेत बोललेला माणूस नव्हता, पण त्या दिवशी हात वर करून उभा राहिला. आम्ही पैसे टाकून, थंडीत कुडकुडत येतो, तो प्रॉसरला म्हणाला. गुणतक्त्यात आम्ही कुठे आहोत ते आम्हाला दिसतं. तुमचं काम धीर द्यायचं आहे. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर त्याने मार्जरीला हे सगळं सांगितलं, टाळ्यांसकट.

“मग तो काय म्हणाला?” तिने विचारलं.

“काय म्हणणार? म्हणाला, खालच्या विभागात जाण्यापासून आपण वाचू असं मी आज सांगितलं तर तुम्ही खुशीत घरी जाल. मग मे महिन्यात तुम्हाला तोंड कसं दाखवू?”

“आणि तू?”

“मी म्हटलं, मे महिन्याचं मे महिन्यात बघू.”

मार्जरी बराच वेळ पांघरुणाच्या कडेवरून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, “गॉर्डन, माझ्या आईचा तो चहाचा संच आहे ना. तो जॅनेटला…”

“जॅनेटला काय, उन्हाळ्यात आपणच जाऊ तिच्याकडे,” तो म्हणाला आणि किटली भरायला स्वयंपाकघरात गेला.

असं आधीही झालं होतं. एकदा तिने चर्चमधल्या गाण्याचा विषय काढला होता, एकदा त्याला वॉशिंग मशीन कसं लावायचं ते लिहून घ्यायला सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्याने किटली भरली. हवा सुधारली की स्कारबरोला समुद्रावर जाऊ, म्हणाला. त्या घरात त्या महिन्यांत इतका चहा झाला की अर्धा मोरीतच जायचा.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी नर्स आली. मार्जरीची औषधाची सुई बदलली, पाठ पुसून दिली, आणि निघताना गॉर्डनला दाराबाहेर घेऊन गेली. ती हळू बोलली. गॉर्डन तिच्या गाडीच्या टायरकडे बघत होता. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे, एवढंच तो शेवटी म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी ब्रॅकनशॉ तीन गोलांनी हरलं. चार सामने बाकी होते. प्रॉसर रेडिओवर आला. निवेदकाने विचारलं, गणिताने अजून वाचता येईल ना? गणिताने येईल, प्रॉसर म्हणाला, पण मला तसं वाटत नाही. आपण खालच्या विभागात जाणार. जी माणसं चाळीस-चाळीस वर्षं इथे येत आली, त्यांना हे आजच कळायला हवं. घरच्या मैदानावरचे दोन सामने उरलेत, ते कसे बघायचे हे त्यांचं त्यांना ठरवता येईल.

गॉर्डनने उठून रेडिओ बंद केला.

“लाज नाही. चार सामने आहेत अजून, चार. कोण बोलतं असं?”

“लाव तो,” मार्जरी म्हणाली.

“कशाला ऐकायचं ते?”

“मला आवडतो तो माणूस.” तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. “निदान सांगतो तरी.”

गॉर्डन स्वयंपाकघरात गेला. किटली नळाखाली धरली, नळ सोडला. किटली भरली, पाणी काठावरून त्याच्या बाहीवर सांडू लागलं, तरी तो तसाच उभा होता. मग त्याने नळ बंद केला, किटली ओट्यावर ठेवली आणि रिकाम्या हातांनी परत आला. खुर्ची पलंगाला लावून बसला. ओली बाही त्याने मागे सारली.

“चहाचा संच जॅनेटला,” तो म्हणाला. “पुढे सांग.”

तिने सांगितलं. घाई केली नाही. गाणं कोणतं, निळा ड्रेस कुठल्या कपाटात आहे, बहिणीला पत्र नको, फोन कर. मधेच तिला झोप लागली, तरी तो जागचा हलला नाही. जाग आली तशी ती पुढे बोलू लागली. स्टँडमधली तिची खुर्ची रिकामी ठेवू नकोस, म्हणाली. डेनिसच्या बहिणीला दे. ती फार बोलते, तुला बरं पडेल.

गॉर्डनला हसू आलं, आणि ते तोंडातच मोडलं.

“त्या दिवशी नर्स काय म्हणाली?” मार्जरीने विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं. इतके दिवस तो तिच्या खांद्यापलीकडच्या खिडकीकडे बघून बोलत आला होता.

“दोन आठवडे,” तो म्हणाला. “फार तर तीन.”

“म्हणजे शेवटची मॅच मिळायची नाही.”

“नाही, मार्ज.”

तिने डोळे मिटले आणि त्याचा हात ओढून पांघरुणात घेतला. तिचा चेहरा सैल झाला होता, लांबच्या प्रवासातून घरी येऊन बूट काढल्यावर व्हायचा तसा. त्या दिवशी चहा झालाच नाही.

मार्जरी सतरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी गेली. शेवटचा सामना शनिवारी होता आणि अंत्यविधी त्यानंतरच्या गुरुवारी. शनिवारी दुपारी घरात बसवेना, म्हणून गॉर्डन मैदानावर गेला. डेनिसने त्याचा खांदा दाबला. गावात बातमी फिरली होतीच. जॅनेटने सगळ्यांना फोन केले होते, गॉर्डनला कुणालाच सांगावं लागलं नव्हतं.

संघ हरला. शिट्टी वाजली तसा स्टँड उठला आणि प्रॉसरच्या नावाने ओरडू लागला. कुणी तिकिटांचे तुकडे करून फेकले. खेळाडू मान खाली घालून आत गेले. प्रॉसर मात्र गेला नाही. कोटाच्या खिशातून हात काढून तो पूर्वेकडच्या स्टँडपर्यंत चालत आला आणि कठड्यासमोर उभा राहिला. लोक जे बोलत होते ते ऐकून घेत राहिला. हळूहळू लोक थकले, घरी जाऊ लागले.

गॉर्डन पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेला. जवळून बघितला तर प्रॉसर म्हातारा वाटत होता, दाढी नीट झालेली नव्हती. त्याने गॉर्डनला ओळखलं.

“सभेतले तुम्हीच ना?” तो म्हणाला. “बोला.”

“माझ्या बायकोला तुम्ही आवडायचात,” गॉर्डन म्हणाला.

प्रॉसरच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. “इथे एक तरी माणूस निघालं म्हणायचं. आभार सांगा त्यांना माझे.”

गॉर्डनने कठडा दोन्ही हातांनी धरला.

“सांगता येणार नाही,” तो म्हणाला. “ती मंगळवारी वारली.”

प्रॉसरने धीराचं काही म्हटलं नाही. तो कठड्याच्या पलीकडे तसाच उभा राहिला, आणि मैदानाचा माळी येऊन गोलची जाळी सोडू लागला तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.