धाकट्या तोंडाचा व्हिडिओ

मी निपाणीतल्या मष्णूचा व्हिडिओ, म्हणजे कॅसेट लावायची पेटी, बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. चित्र दाखवायचं माझं काम केव्हाच थांबलंय.

माझा जन्म जपानातला. माझी कॅसेट आकाराने लहान, पण चित्र लख्ख. माझ्या कंपनीला त्याचा एवढा माज, की दुसऱ्या कुणाला ती माझा साचा वापरू देईना. समोरच्या कंपनीची कॅसेट मोठी नि चित्र बेताचं. पण तिने साचा मागेल त्याला दिला. हाव मात्र दोघींना एकच, जगात दुसरं कुणी उरू नये.

चौऱ्याऐंशी साली मष्णूने एस.टी. स्टँडमागे मला घेऊन व्हिडिओचं दुकान थाटलं. लोक माझ्या कॅसेटला धाकटी म्हणत, दुसरीला थोरली. तंबाखूचं गाव. पान हातात तोलून माल ओळखणारी माणसं कॅसेटही तोलूनच बघत. "थोरली द्या वो, हिच्यात पिक्चर लई भरतंय!" आणि या शहाण्यांना गिऱ्हाईक म्हणायचं!

हळूहळू धाकटीवर नवे पिक्चर येईनात. मष्णूनेही थोरलीचा व्हिडिओ आणला. कोल्हापुरातला धाकटीचा व्यापारी बुडाला, तसा थोरलीचा शेफारला. एक चांगला पिक्चर हवा, तर तीन टुकार घ्या! मष्णू मुकाट्याने घेई.

मला आता फक्त रुक्माबाईंसाठी चालू करत. शेजारच्या या काकी विड्या वळायच्या. त्यांचे नवरे नागोजी मष्णूच्या बहिणीच्या वरातीत नाचले होते आणि कॅमेरावाल्याने ते धाकटीवर घेतलं होतं. नागोजी वारले. त्यांचा साधा फोटोही कुठे नव्हता, म्हणून काकी ती वरात बघायला येत.

एकदा पडद्यावर नाचताना नागोजींनी हात वर केला आणि माझ्या आतला रबरी पट्टा तुटला. कॅसेट आतच अडकली.

"थोरलीच्या पेटीत घाल की रं त्यास्नी," काकी म्हणाल्या.

"बसत न्हाय, काकी. आन् पट्टा कंपनी आता हिकडं पाठवत न्हाय."

पाठवत नाही! एका रबरी पट्ट्याने कंपनीचं दिवाळं निघणार होतं काय?

परवा मष्णू मला भंगारवाल्याला देत होता. काकी आडव्या आल्या. "आत आमचं मालक हायत रं!" म्हणाल्या आणि मला डोक्यावर घेऊन घरी गेल्या.

आता मी त्यांच्या विड्यांच्या सुपाजवळ असतो. सकाळी त्या माझ्यावरची तंबाखूची धूळ पुसतात, तोंडातून आत डोकावून बघतात आणि पुन्हा विड्या वळायला बसतात.

थोरलीवाल्यांनो, जिंकलात ना? धाकटीवाल्यांनो, हरूनही तुम्ही गब्बरच आहात. घ्या अख्खं जग वाटून. पण आधी निपाणीला एक रबरी पट्टा पाठवा. नागोजींचा हात अजून वरच राहिलाय.