धूर मोजणारा पाहुणा

फोन ठेवल्यापासून रावयाचा जीव थाऱ्यावर नव्हता. "तुमच्या गावातल्या घरांत धूर नाहीच," तालुक्याच्या डॉक्टरांनी हसत सांगितलं होतं. "धूर मोजायला घरोघरी ठेवलेली यंत्रं खोटं बोलत नाहीत, बाई. तुमच्या भट्ट्यांना बसवायची धुराडी आता दुसऱ्या गावाला देऊ. संध्याकाळी तसं वर कळवतो."

धूर नाही म्हणे! नाईलकाठच्या या गावात भाकऱ्या भाजायच्या दिवशी कुठल्याही भट्टीपाशी डोळे उघडे ठेवून दाखवा म्हणावं. गावातल्या बहीगामावशीचा नातू दियाब अजून रांगतही नव्हता, आणि त्याची छाती भात्यासारखी वाजायची. हिवाळ्यात त्याला इस्पितळात पोचवलं ते रावयानंच. गावची आरोग्यसेविका ती. आणखी एक हिवाळा त्या पोराला झेपणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

उसाच्या कडेनं ती पळतच बहीगाच्या घरी आली. "मावशी, यंत्र कुठाय?"

"अगं, आधी चहा तरी घे."

"चहा गेला चुलीत! यंत्र दाखव."

बहीगानं ऐटीत पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलं. अंगणापलीकडच्या त्या खोलीत, सगळ्यात चांगल्या गादीवर यंत्र विराजमान झालं होतं. वर विणलेला पांढरा रुमाल.

रावयानं कपाळावर हात मारला. "इथं? आणि भट्टी तिकडं मागे!"

"तूच म्हणालीस ना, पाहुणा समजून जपा? पाहुण्याला धुरात बसवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. सगळ्या गावानं असंच ठेवलंय, जा विचार."

म्हणाली होती खरी. पोरं फोडतील या धास्तीनं यंत्रं वाटताना दारोदार तेच बजावलं होतं. रावयाला स्वतःच्या जिभेचा संताप आला.

तिनं यंत्र उचललं आणि तडक भट्टीची खोली गाठली. उन्हात ठेवून फुगवलेल्या कच्च्या भाकऱ्या भट्टीत जायच्या होत्या, शेणी धुमसत होत्या, आणि ऊब मिळावी म्हणून दियाबची टोपली शेजारीच होती. यंत्र ठेवताच आकडे भराभर चढले. लाल दिवा लागला, मग ते किंचाळायलाच लागलं.

"अगं बाई, गुदमरलं बिचारं! काढ बाहेर!" बहीगा धावली.

टोपलीतून खोकला आला. बहीगाचा हात यंत्रापर्यंत पोचलाच नाही.

रावयानं तिथूनच फोन लावला. "थांबा डॉक्टरसाहेब, काही कळवू नका. चूक माझी आहे. हा आवाज ऐका."

बहीगा केव्हाच अंगण ओलांडून गेली होती. पाहुण्याच्या गादीवर तिनं नातवाला निजवलं आणि तो पांढरा रुमाल त्याच्या अंगावर घातला.