गोंड्याआडचा आठ

मी एक जुनी नंबर प्लेट आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर आता अर्धीच उरले आहे. कालच मला मधोमध दुमडून दारव्ह्याच्या, नव्या नंबर प्लेटा बसवणाऱ्या एका फिटिंग सेंटरच्या ड्रममध्ये टाकलं. इथे माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत. कुणी फुलापानांनी नटलेली, कुणाच्या कपाळावर मालकाच्या मुलाचं नाव. प्रत्येकीचं काही ना काही गाऱ्हाणं आहे. माझं गाऱ्हाणं नाही, मनावर एक ओझं आहे. भंगारवाला यायच्या आत ते सांगून टाकते.

माझा जन्म दारव्ह्याच्या बाजाराजवळ, नागोराव पेंटरांच्या टपरीत झाला. साध्या पत्र्याचीच मी, पण नागोरावांनी मला घासून, पांढरा रंग देऊन दोन दिवस वाळवली आणि मग पट्टी ठेवून काळी अक्षरं काढली. मागच्या प्लेटवरच्या आकड्यांची उंची चाळीस मिलिमीटर म्हणजे चाळीसच, असा त्यांचा खाक्या. एमएच २९, पुढची दोन अक्षरं, आणि खाली चार आकडे. शेवटचा आकडा आठ. तो आठ त्यांना एवढा साधला होता, की शेजारचा चहावाला बघायला आला. तेव्हापासून मला त्या आठाचा थोडा गर्वच होता. माझी एक धाकटी बहीणही होती, गाडीच्या पुढे लावायची, अरुंद आणि लांबट. ती मात्र दुसऱ्याच वर्षी खड्ड्यात आदळून तुटली आणि पुन्हा कुणी बसवली नाही. नियमाने दोन्ही हव्यात, हे मला ठाऊक होतं. पण प्लेटचं कोण ऐकतो?

मी बसले ती पियुषच्या काळ्या मोटारसायकलवर. पियुष हा पुंडलिकराव आणि इंदूबाईंचा मुलगा. दारव्ह्याजवळच्या खेड्यात त्यांचं घर, थोडं कापूस-तुरीचं शेत. पियुषला यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एका कारखान्यात काम लागलं आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठी ही गाडी आली. गाडी आली त्याच वर्षी गोठ्यातली बैलजोडी विकली गेली. शेतात ट्रॅक्टर फिरू लागला होता, बैल कशाला पोसायचे, असं सगळ्यांनीच ठरवलं. इंदूबाई तेवढ्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

पुढे पोळा आला. गावभर बैल सजले आणि या घरचा गोठा रिकामा. इंदूबाईंनी दरवर्षीसारखे काळ्या लोकरीचे गोंडे मात्र करून ठेवले होते. हाताला सवय, दुसरं काय. त्या अंगणात आल्या, गाडीच्या हँडलला हळद-तूप लावलं, पुरणपोळीचा घास टाकीवर ठेवला. पियुष हसून म्हणाला, "आई, हे पेट्रोल पिते व, पोळी नाई खात."

"गप बैस. तुले आणते-नेते थे. तिचा मान नको का?"

आणि त्यांनी गोंडा माझ्या उजव्या स्क्रूला बांधला; तो बरोबर आठाच्या डाव्या कडेवर लोंबू लागला. लेकाला आणि गाडीला कुणाची नजर लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. मला तो फार आवडला. पत्र्याच्या जातीला कोण असं नटवतो! गोंडा वाऱ्यावर हलायचा आणि मी मिरवायचे. तेव्हापासून दर पोळ्याला जुना गोंडा काढून नवा बांधायचा, हा त्या घरचा रिवाजच झाला.

एकदा पियुष नागोरावांच्या टपरीवरून जाताना त्यांनी हात करून गाडी थांबवली. मला निरखून म्हणाले, "अबे, हे काय लोंबते? आकडा झाकून राह्यला ना. नंबर म्हणजे गाडीचं नाव-गाव असते. तोंडावर हात ठेवून कोनी नाव सांगते का?"

"आईनं बांधला काका. कायले मन मोडू तिचं?"

"तिले सांग, दुसरीकडं बांध म्हना. हँडलले बांध म्हना."

पियुष हो म्हणाला आणि निघाला. घरी मात्र त्याने आईला काही सांगितलं नाही. पुंडलिकरावांनाही ते दिसत होतं. शाळेत शिकणाऱ्या प्रेरणालाही, म्हणजे पियुषच्या बहिणीला, दिसत होतं. तीही बोलली नाही. सगळ्यांचं इंदूबाईंवर प्रेम होतं ना. आणि मीही गप्पच राहिले, पण मला तोंडच नाही, माझं जाऊ द्या.

गेल्या वर्षीचा पोळा होऊन चार दिवस झाले होते. रात्रभर पाऊस पडून रस्ता नुसता रबडा झाला होता. सकाळी नऊच्या सुमारास यवतमाळकडे जाताना समोर गाय आली, पियुषने ब्रेक दाबला आणि गाडी घसरत जाऊन दगडावर आपटली. त्याचा मोबाईल बाजूच्या नाल्यात गेला. खिशात डबा खायचा चमचा आणि रुमाल, दुसरं काही नाही. तो बेशुद्ध होता; रस्त्यावरच्या लोकांनी त्याला उचलून एका जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी चिखलात तशीच पडून राहिले.

थोड्या वेळाने पोलीस ठाण्याचे एक जमादार आले. घरच्यांना कळवायला त्यांच्याजवळ माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. मित्रांनो, नंबर प्लेटच्या आयुष्यात खरं काम कधी येतं म्हणाल, तर ते अशा वेळी येतं. जमादारांनी वाकून मला वाचलं आणि नंबर लिहून घेतला. ओला गोंडा चिखलासकट माझ्या आठावर चिकटला होता. आठाची डावी बाजू त्याच्याखाली गेली होती. जमादारांना दिसला तीन.

शेवटी तीन असलेली गाडीही काळीच, त्याच कंपनीची, आमच्याच आठवड्यात पासिंग झालेली. ती होती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, झरी जामणीकडच्या एका खेड्यातल्या संघदीपची. तो जंगलात वनखात्याच्या कामाला गेलेला, तिथे फोन लागत नाही. निरोप गेला तो त्याच्या आईला, शेवंताबाईंना. तुमचा मुलगा यवतमाळच्या दवाखान्यात आहे, लवकर या. ती माउली गावातल्या लोकांना घेऊन जीप करून निघाली आणि दुपारी तीनला पोहोचली. इकडे इंदूबाई अंगणात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. कारखान्यात फोन बाहेर ठेवावे लागतात, म्हणून पियुषचा फोन लागत नाही याचं त्यांना काही वाटलं नाही.

हा आमचा मुलगा नाही, असं शेवंताबाईंनी सांगितल्यावर जमादार पुन्हा गाडीपाशी धावत आले. बोटाने गोंडा बाजूला केला. आठ. त्यांनी वहीतला तीन खोडून आठ लिहिला आणि इंदूबाईंच्या घरी निरोप धाडला.

इंदूबाई आणि पुंडलिकराव दवाखान्यात पोहोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. पियुष पाच वाजता गेला होता.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव गाडीपाशी आले, तेव्हा जमादारांनी त्यांना मला दाखवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. पुंडलिकरावांनी गोंड्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना, तेव्हा दातांनी तोडली. गोंडा खिशात घालून ते म्हणाले, "साहेब, माह्या घरी कोनी इचारलं तं चिखल होता म्हना. पोराच्या मायले कळलं तं थे मरून जाईन." जमादारांनी होकारार्थी मान हलवली.

मग एक दिवस शेवंताबाई भेटायला आल्या. मी अंगणात गाडीवरच होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्या इंदूबाईंचा हात धरून बसल्या. म्हणाल्या, "बाई, माह्या पोराच्या गाडीले शेवटी तीन हाय, तुमच्या गाडीले आठ. त्याच्यानं मले बलावलं. पोरगा माहा नाई हे पाह्यलं अन् मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू? मंग माहीच मले लाज वाटली. उठवलंच नाई तिथून. तो गुंगीत आई आई करत होता. मी त्याचा हात धरून ओ दिली. दोनदा दिली. चुकलं असन तं माफ करा."

इंदूबाईंनी शेवंताबाईंचा तो हात उचलून आपल्या गालाला लावला. मला वाटतं, त्या हाताला लेकाचा स्पर्श उरला असेल, अशी त्यांची आशा होती.

वर्ष गेलं. गाडी प्रेरणाच्या नावावर करायची होती, त्याआधी नवी प्लेट बसवणं भाग होतं. हल्लीच्या नव्या प्लेटा ॲल्युमिनियमच्या असतात, कोपऱ्यात चकाकणारं अशोकचक्र, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि कुलूप असं, की एकदा बसवलं की तोडल्याशिवाय निघत नाही. प्रेरणा आणि तिचे आईवडील, तिघंजण सेंटरवर आले. तिथल्या ताईंनी मला काढून टेबलावर ठेवलं आणि नवीला बसवलं. पुढेही एक बसवली.

पोळा जवळ आला होता. इंदूबाईंनी कनवटीचा नवा काळा गोंडा काढला आणि त्या नव्या प्लेटपाशी वाकल्या. पुंडलिकराव पुढे झाले, पण ताई आधी बोलल्या.

"मावशी, प्लेटले काही नका बांधू. आकडा झाकते."

"एवढुसा त हाय बाई. काय झाकते?"

"हे पाहा." ताईंनी तो गोंडा हातात घेतला आणि टेबलावर माझ्या आठावर ठेवला. "आता वाचा. आठाचा तीन झाला का नाई?"

इंदूबाई वाचत राहिल्या. एकच आकडा, पण त्यांना तो वाचायला फार वेळ लागला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"चिखल होता म्हनलं होतं तुमी."

"चिखलबी होता," पुंडलिकराव म्हणाले आणि खाली बघू लागले.

प्रेरणा रडायला लागली. इंदूबाई रडल्या नाहीत. त्यांनी तिला शेवंताबाईंना फोन लावायला सांगितला आणि दोन्ही हातांनी धरून कानाला लावला.

"शेवंताबाई, त्या दिवशी तुमाले चिखलानं नाई बलावलं. माह्या गोंड्यानं बलावलं. माह्या लेकापाशी तुमाले नेलं, अन् मले डाळ निवडत बसवलं."

पलीकडून शेवंताबाईंचा आवाज आला, "बाई, हाक तुमालेच होती."

त्यानंतर इंदूबाई खाली फरशीवर बसल्या. त्यांना कुणी उठवलं नाही.

ताईंना नियमाप्रमाणे जुनी प्लेट मोडावी लागते. त्यांनी मला हलक्या हाताने दुमडलं. मला दुखलं नाही. नागोरावांनी एवढ्या निगुतीने काढलेला आठ ज्या एका दिवशी उपयोगी पडायचा, त्या दिवशी तो पडला नाही, मग त्याचं मोडणं ते काय!

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीमागे दहा पावलं जाऊन उभे राहा आणि नंबर वाचून पाहा. चिखल असेल तर पुसा. पुढची प्लेट तुटली असेल तर बसवायला सांगा. आणि कुणी मायेने त्यावर काही बांधत असेल, तर तिचं मन मोडेल म्हणून गप्प बसू नका. जवळ बसून, हात धरून तिला सांगा. इंदूबाईंना सात वर्षांत एकानेही सांगितलं नाही.