पन्नास डोक्यांचं कीर्तन

चिंतामणराव गर्ग्यांचं अक्षर फार सुंदर होतं, आणि त्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू झाल्या. अक्षर पाहून त्यांना मिलच्या टाइम ऑफिसात घेतलं, अक्षर पाहूनच गेटवरच्या फळ्यावर सूचना लिहायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, आणि 'पुढील आदेशापर्यंत मिल बंद' ही सूचनाही अखेर त्यांनाच लिहावी लागली. ती त्यांनी इतकी घोटीव लिहिली की गर्दीतून साचेखात्यात माग चालवणारा भेरूलाल म्हणाला, "बाबूजी, नौकरी गई सो गई, पर लिक्खा क्या है आपने!"

पुढचा आदेश दोन वर्षं झाली तरी आला नव्हता. घर लीलाबाईंच्या बालवाडीच्या पगारावर चालत होतं. चिंतामणराव मात्र फळ्यावाचून बेचैन होते. अखेर आपल्या मोहल्ल्यातल्या, स्नेहलतागंजातल्या दत्तमंदिराच्या भिंतीवरचा रिकामा फळा त्यांनी ताब्यात घेतला आणि दर सोमवारी त्यावर शहरातले येत्या आठवड्यातले गाण्याचे कार्यक्रम लिहायला सुरुवात केली.

यात लोकसेवेपेक्षा डाव जास्त होता. त्यांचा जीव कीर्तनावर. पंचवीस वर्षं ते बुवांच्या मागे झांज घेऊन उभे राहिले होते. देवानं माणसाला कान दिले ते कीर्तनासाठीच, बाकी आवाज ऐकू येतात तो त्या कानांचा दोष, असं त्यांचं मत. पण शहराचं मत वेगळं पडलं होतं. जिकडे पाहावं तिकडे ऑर्केस्ट्रा, गझलसंध्या, नाहीतर रात्रभर भोंगे लावून जागरण. तेव्हा आपल्या सुवाच्य अक्षरात या मंडळींचं खरं रूप दाखवलं की लोक आपोआप कीर्तनाकडे वळतील, असा त्यांचा हिशेब. म्हणून ते लिहीत:

'मंगळवार. ऑर्केस्ट्रा. गायक दोन, कपडे बदलणार सहा वेळा.'

'गुरुवार. गझलसंध्या. गायकाला सर्दी झाली आहे. आवाजात दर्द मिळेल.'

'शनिवार. जागरण. ऐकायला जाण्याची गरज नाही, घरीच येईल.'

'रविवार. शास्त्रीय बैठक. आलाप साडेपाचला सुरू. बंदिश त्याच दिवशी अपेक्षित.'

आणि कुठे कीर्तन असलं की सर्वांत खाली, वेलबुट्टी काढून: 'सुश्राव्य, रसाळ, भक्तिरसपूर्ण कीर्तन. अवश्य लाभ घ्यावा.'

फळा वाचायला सकाळी गर्दी होऊ लागली. लोक हसत, एकमेकांना वाचून दाखवत, आणि संध्याकाळी नेमके ऑर्केस्ट्राला जात. सहा वेळा कपडे बदलतात म्हणजे काय ते पाहायला नको? रसाळ कीर्तनाला मागच्या दत्तजयंतीला अकरा जण आले होते. त्यांतल्या जनाबाई पहिल्या नमनालाच झोपल्या, आणि एक गृहस्थ रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारायला आत आले होते.

ऑर्केस्ट्रावाला पियुष तर एकदा मिठाईचा पुडा घेऊनच हजर झाला. "काका, मागच्या हफ्त्यात हाउसफुल गेला शो. इस बार भी कुछ बुरा लिख दो ना. थोडं जास्त बुरं लिहिलं तरी चलेगा."

चिंतामणरावांनी पुडा परत केला. फक्त त्यातले तीन पेढे कमी झाल्यावर, असं लीलाबाई म्हणत.

यंदा दत्तजयंतीच्या दहा दिवस आधी दोन गोष्टी एकदम झाल्या. दरवर्षी कीर्तनाला येणाऱ्या देवासच्या शरदचंद्रबुवांचं पोस्टकार्ड आलं की गुडघे धरले आहेत, उभं राहवत नाही, यंदा क्षमा असावी. आणि मंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्ष प्रतापराव फळ्यापाशी येऊन उभे राहिले. प्रतापरावांचे पणजोबा होळकरांच्या दरबारात होते, आणि प्रतापराव अजून तिथेच असल्यासारखे उभे राहत.

"गर्गे, साठ वर्षांचा शिरस्ता आहे, मोडायला आम्हांला आनंद नाही," ते म्हणाले. "पण अकरा माणसांसाठी सभामंडप अडवायचा? तो पियुष तालमीसाठी वर्षभर जागा मागतोय. यंदा आरतीला पन्नास डोकी दाखवा. नाही दिसली, तर पुढल्या सालापासून कीर्तन बंद. आरती तेवढी होईल."

"पण बुवाच नाहीत."

"मग तुम्ही करा. पंचवीस वर्षं मागे उभे होतात, एक दिवस पुढे व्हा. अंतर किती, दोन पावलं!"

ती दोन पावलं चिंतामणरावांना आठ दिवस झोपू देईनात. आख्यान पाठ होतं, कृष्णाच्या त्या गरीब बालमित्राचं, पुरचुंडीत पोहे बांधून द्वारकेला जाणाऱ्याचं. आरशापुढे उभं राहिलं की चिपळ्या एका बाजूला नि पाय दुसऱ्या बाजूला. पण त्याहून मोठं संकट सोमवारी आलं. फळा लिहायचा होता. खडू हातात घेऊन त्यांनी लिहिलं, 'ह. भ. प. चिंतामणबुवा गर्गे यांचे सुश्राव्य, रसाळ...'

मागे बालवाडीला निघालेल्या लीलाबाई उभ्या होत्या. "अहो, रसाळ कोण? तुम्ही?"

"मग काय लिहू?"

"दुसऱ्यांचं लिहिता तसंच लिहा की. सगळा मोहल्ला वाट बघतोय, गर्गे स्वतःबद्दल काय लिहितात. रसाळ लिहिलंत तर मी पण नाही यायची."

चिंतामणरावांनी खडू बोटांत फिरवला. दुसऱ्याचा फुगा फोडताना खडू कसा झरझर चालायचा! मग ओल्या फडक्यानं सगळी ओळ पुसली आणि त्याच घोटीव अक्षरात लिहिलं:

'शुक्रवार, सायंकाळी साडेपाच. कीर्तन. कीर्तनकार चिंतामण गर्गे, वय चोपन्न, अनुभव शून्य. पंचवीस वर्षं झांज वाजवली, पैकी बरीचशी चुकीच्या जागी. गाताना डोळे मिटतात, ते भक्तीनं नव्हे, भीतीनं. या फळ्यावर ज्यांची टिंगल झाली त्यांना सूड घेण्याची ही उत्तम संधी आहे. सतरंजी स्वच्छ आहे.' खाली मिलच्या मंडळींसाठी हिंदीत एक ओळ: 'मिल वाले भी आएँ, बाबूजी की हालत देखने.'

शुक्रवारी सव्वापाचला मंडप भरला. देवाची करणी म्हणा की मोहल्ल्याची. ऑर्केस्ट्राचे सगळे गायक, ते सर्दीवाले गझलगायक, बैठकीतले आलापवाले, आणि मागे भेरूलालसह मिलची तीस-पस्तीस माणसं. पेटीवाले आले नव्हते म्हणून पियुष आपला कीबोर्ड घेऊन बसला होता. प्रतापराव खांबाला टेकून डोकी मोजत होते. जनाबाई पहिल्या रांगेत उशी घेऊन तयार होत्या.

चिंतामणरावांनी नमनाला सूर लावला. त्या धक्क्यानं पियुषचं बोट भलत्या बटणावर पडलं आणि दत्तगुरूंच्या सभामंडपात डिस्कोचा ठेका सुरू झाला. बंद करायचं बटण सापडेना. चिंतामणरावांनी नमन त्याच ठेक्यावर उरकलं, कारण थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जनाबाई आयुष्यात पहिल्यांदाच कीर्तनात जाग्या राहिल्या.

पूर्वरंग मात्र रंगला नाही. निरूपण होतं निःस्पृहतेवर. 'साधकानं कुणाकडे काही मागू नये' हे त्यांनी चाळीस मिनिटं नाना प्रकारे सांगितलं. आवाज बुवांचा काढायला गेले, तो शिंकेसारखा निघाला. लोक सूड घ्यायला आले होते खरे, पण आता त्यांना दया येऊ लागली होती, आणि दया आलेला श्रोता घड्याळ बघतो. कसाबसा पूर्वरंग संपला, आणि रिवाजाप्रमाणे प्रतापराव पुढे झाले. त्यांनी चिंतामणरावांना बुक्का लावला, गळ्यात झेंडूचा हार घातला.

इथे घोटाळा झाला. कीर्तनात हार मध्यावर घालतात. अर्धं झालं, आता कथा सुरू, असा त्याचा अर्थ. पण मिलच्या माणसांनी गेल्या काही वर्षांत हार पाहिले होते ते एकाच प्रसंगी, निरोप समारंभात. हार घातला, टाळ्या वाजल्या, माणूस घरी गेला. कडाडून टाळ्या पडल्या. सगळी मागची बाजू उठून उभी राहिली आणि चपला शोधू लागली. त्यांचं पाहून ऑर्केस्ट्रावाले उठले. भेरूलाल तर पुढे येऊन चिंतामणरावांचा हात हातात घेऊन म्हणाला, "भोत अच्छा बोले बाबूजी. समझ में नी आया, पर अच्छा बोले. चलो, भगवान भला करे."

प्रतापरावांनी खांबापासून दाराकडे पाहिलं. दारात दहा-बारा जण पोचले होते, काही तर बाहेरही पडले होते. साठ वर्षांचं कीर्तन चपला घालून बाहेर पडत होतं.

चिंतामणरावांचा बुवांचा आवाज गेला नि मिलच्या गेटवर माणसांना हाका मारायचा आवाज परत आला. "अरे भिया, बैठो! छुट्टी नहीं हुई! ये हाफ टाइम है! कहाणी तो अब शुरू होगी!"

"कौन सी कहाणी?" दारातून कुणीतरी विचारलं.

"एक बेकार माणसाची!"

दारातले थांबले. कुणी बसलं नाही, पण कुणी गेलंही नाही. चिंतामणरावांनी पाठ केलेलं आख्यान आठवून पाहिलं. एक ओळ आठवेना. उरली नुसती गोष्ट. मग तीच सांगू लागले, मराठी-हिंदी जी जिभेवर येईल तीत. एक गरीब ब्राह्मण होता. घरात खायला नाही. बायको म्हणाली, तुमचा लहानपणचा मित्र एवढा द्वारकेचा राजा, जाऊन भेटा ना त्याला.

"मेरी वाली भी यही केती है," एक पायात चप्पल घालून उभा असलेला भेरूलाल म्हणाला.

कीर्तनात श्रोत्यानं मध्ये बोलायचं नसतं. पण चिंतामणरावांना तो आधारच वाटला. "सगळ्यांच्याच म्हणतात. मग तिनं शेजारून मूठमूठ पोहे आणले, फडक्यात बांधून दिले."

"सेव थी के नी?"

"सेव असती तर गरीब कसला रे?"

मंडप हसला. मागच्या दोन रांगा खाली बसल्या. चिंतामणराव पुढे सरकले. "आता हा चालला. पोचला. तो वाडा, ते सोनं, आणि याच्या काखेत पोह्यांची पुरचुंडी. देव समोर उभा. याला काही मागताच येईना. तुम्हांला वाटेल, काय हा भित्रा माणूस. मला नाही वाटत." ते थबकले. खरं तर इथे देवाचं वर्णन यायचं. पण फळ्यावर स्वतःबद्दल एकदा खरं लिहिलं होतं, आणि त्याची चटक लागली होती. "माझा वर्गमित्र आहे, सांवेर रोडला पंपांचा कारखाना आहे त्याचा. गेल्या वर्षी हिनं मला पाठवलं. नोकरीचं विचारा म्हणाली. डब्यात चिवडा दिला. मी गेलो. त्यानं विचारलं, कसं काय आलास? मी म्हणालो, सहज, इकडून चाललो होतो."

"सांवेर रोड से सहज कौन निकलता है!" पियुष कीबोर्डवरून म्हणाला.

"तेच ना! तासभर बसलो. त्याच्या पंख्याची तारीफ केली. डबा खुर्चीखाली लपवला होता, उठताना हळूच काढून घेतला. बस स्टॉपवर बसून सगळा चिवडा मीच खाल्ला. आणि घरी येऊन सांगितलं की जागा नाही म्हणाला."

हशा झाला, आणि एकदम विरला. कारण बायकांच्या बाजूला लीलाबाई बसल्या होत्या, आणि त्यांना हे आत्ता कळत होतं. वर्षभर लीलाबाई त्या वर्गमित्राला शिव्या घालत आल्या होत्या. चिंतामणरावांनी तिकडे पाहायचं टाळलं.

"आणि डबा?" लीलाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "त्याच्या बायकोनं ठेवून घेतला म्हणालात!"

"बस स्टॉपवर राहिला," कीर्तनकार म्हणाले.

"स्टीलचा होता हो! माझ्या माहेरचा!"

आता मात्र मंडप कोसळला. जनाबाई उशीवर हात आपटून हसत होत्या. भेरूलालनं दुसरी चप्पलही काढली आणि पुढे येऊन मांडी ठोकली. "हाँ बाबूजी, फिर? भगवान ने पोहे खाए के नी?"

"खाल्ले. यानं लपवले होते, त्यानं ओढून घेतले. भिया, मघाशी चाळीस मिनिटं मी सांगत होतो ना, मागू नये, मागू नये? मोठेपणानं सांगत होतो. खरं असं की मला मागताच येत नाही. याला पण येत नव्हतं. म्हणून मग देवानंच मागितलं. म्हणाला, वहिनींनी माझ्यासाठी काय पाठवलंय, दे इकडे."

एवढंच बोलून ते थांबले. पुढे सोन्याची नगरी वगैरे होती, ती सांगायचं भान राहिलं नाही. भेरूलाल नाक पुसत होता. प्रतापराव खांब सोडून मागच्या रांगेत मांडी घालून बसले होते, आणि पियुषनं कुठलंही बटण न दाबता नुसता एक सूर धरून ठेवला होता.

आरती झाली. लीलाबाईंनी द्रोणांतून शिऱ्याचा प्रसाद वाटला. मंडप रिकामा झाल्यावर चिंतामणराव प्रतापरावांपुढे जाऊन उभे राहिले, हार अजून गळ्यात.

"किती झाली डोकी?"

प्रतापराव खाकरले. आरतीच्या वेळी मोजायचं राहून गेलं होतं, पण दरबारी माणूस तसं कबूल कसं करणार? "पन्नासच्या वर असतील. साधारण."

"साधारण नको. दारातून काही निघून गेले, मी पाहिलं." आजच्या दिवसात खरं बोलायचा झटका अजून उतरला नव्हता. "लीला, द्रोण किती लावले होतेस?"

"पन्नास."

"उरले किती?"

लीलाबाईंनी परातीत पाहिलं. "चार."

म्हणजे शेहेचाळीस. चिंतामणरावांनी हार काढून हातात घेतला. मिल बंदची सूचना लिहिली होती तशीच ही पण लिहून टाकू, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. प्रतापराव जमिनीकडे बघत होते. ट्रस्टच्या बैठकीत ठराव झाला होता, आणि शब्द म्हणजे शब्द.

लीलाबाईंनी परात उचलली. एक द्रोण प्रतापरावांच्या हातात ठेवला. "तुम्ही ऐकलंत ना? घ्या." दुसरा उशी गुंडाळणाऱ्या जनाबाईंना दिला, त्यांच्या वाटणीचा राहूनच गेला होता. तिसरा त्यांनी स्वतः घेतला. आणि चौथा नवऱ्यापुढे धरला.

"मी कीर्तनकार आहे," चिंतामणराव म्हणाले. "श्रोत्यांत कसा मोजणार?"

"पूर्वरंगात तुम्ही काय सांगत होतात ते तुम्हांला तरी कळत होतं का? मग. ऐकायलाच आला होतात. खा मुकाट्यानं."

प्रतापरावांनी शिऱ्याचा घास तोंडात टाकला, परात रिकामी असल्याची नीट खात्री करून घेतली, आणि पुढल्या वर्षी हार जरा उशिरा घालू, असं म्हणाले.