कोळपांढरीचे अठरा

डॉक्टर करणसिंग गिरासे यांनी त्या उन्हाळ्यात आपल्या लेखाचं पहिलं पान नऊ वेळा बदललं. लेख नारूवर होता. पण पहिल्या पानावर नारू एका ओळीत आटोपला होता आणि उरलेल्या जागेत डॉक्टर पसरले होते. आधी नाव, मग पदव्या, मग तळोद्याचा दवाखाना. मग त्यांना वाटलं, पदव्या नावाला चिकटूनच बऱ्या दिसतात. मग वाटलं, नाव मोठ्या अक्षरांत हवं. प्रत्येक वेळी रूपचंद नवा कागद चढवायचा, मध्ये दोन कार्बन घालायचा आणि तेच पान पुन्हा टाइप करायचा.

रूपचंद दवाखान्याचा देवी टोचणारा. म्हसावदच्या गुजर घरातला, मॅट्रिक झालेला, धुळ्याला टाइपिंग शिकून आलेला. गावोगाव लोक त्याला ‘देवी डॉक्टर’ म्हणत. डॉक्टरांशी बोलताना तो ‘साहेब, आपण’ म्हणे, पण मनात त्याने त्यांना कधीच अहो-जाहो घातलं नव्हतं. मनात तो त्यांना ‘हा’ म्हणे. हा उठला. हा आला. हा आता अत्तर लावून विहिरीचा फोटो काढायला निघाला.

फोटोची गोष्ट खरीच होती. लेखाला जोडायला पायऱ्या अजून उघड्या असलेल्या एका पायविहिरीचा फोटो हवा होता, म्हणून नंदुरबारहून फोटोवाला बोलावला. डॉक्टर काठावर उभे राहिले, एक हात कमरेवर ठेवून. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जावं असं फोटोवाल्याने दोनदा सुचवलं. डॉक्टर म्हणाले, बूट खराब होतील. तीन वर्षं ज्या माणसाने पायविहिरीवर संशोधन केलं, तो पायविहिरीची एक पायरी उतरलेला नव्हता.

संशोधन म्हणजे काय, तर रूपचंदच्या वह्या. त्या भागात नारू पिढ्यान्‌पिढ्या होता. उन्हाळा लागला की माणसांच्या पायाला फोड येई, फोड फुटून त्यातून पांढरा दोरा डोकं काढी. तो काडीला गुंडाळून रोज बोट-बोट ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस दोन महिने अंथरुणावर. आग होते म्हणून रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, तेवढ्यात नारूची पिल्लं पाण्यात सुटत, आणि तेच पाणी सगळं गाव पिई. वर्षभराने पुन्हा नवे फोड. १९३३ साली सहा गावांतल्या विहिरींच्या पायऱ्या भिंत घालून बंद केल्या आणि वर कप्पी बसवली. त्यानंतर तीन उन्हाळे रूपचंद सायकलवरून घरोघर नारूचे रोगी मोजत फिरला. डॉक्टर दवाखान्याच्या ओसरीत बसून विचारत, “काय रे, उतरला का आकडा?”

आकडा उतरला होता. म्हणूनच तर लेख. कलकत्त्याच्या एका वैद्यकीय मासिकाने आपले नियम छापून पाठवले होते: कागदाच्या एकाच बाजूला टाइप, ओळींत दुहेरी अंतर, दोन प्रती, तक्ते वेगळ्या कागदावर. डॉक्टरांनी ते नियम चौकटीत लावायचेच काय ते बाकी ठेवले होते.

एप्रिलमध्ये रूपचंदने तक्ते पुढे ठेवले. डॉक्टरांनी बोट एका जागी टेकवलं.

“हे एकोणीस काय आहे?”

“कोळपांढरी, साहेब. गेल्या सालचे रोगी.”

“पाच गावं कशी ओळीनं खाली आली. दोन, एक, शून्य. आणि हे एक गाव मध्येच गाढवासारखं बसून राहिलंय. काढून टाक.”

“साहेब, पायऱ्या सहा गावांत बुजवल्या.”

“मग पाच लिही. पाच काय वाईट आकडा आहे?”

रूपचंद तक्ते उचलून बाहेर आला आणि औषधांच्या खोलीत यंत्रापुढे बसला तेव्हा त्याच्या ओठांवर हसू होतं. डॉक्टराला आपण ओळखून होतो, पण हा इतका हलका निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. कोळपांढरी तक्त्यात राहणार, हे त्याने तिथल्या तिथे ठरवलं. नुसतं राहणार नाही. नारू का हटला नाही हे पुरतं मांडलेलं राहणार. स्वतःच्या ताठ कण्याचं त्याला फार कौतुक वाटलं.

त्याने जुन्या वह्या काढल्या. कोळपांढरीत गाव वेगळं आणि नाल्यापलीकडची भिल्लांची वस्ती वेगळी मोजलेली होती. गावातले रोगी: चौदा, मग नऊ, मग एक. बरोबर. वस्तीतले रोगी: अठरा. पुढच्या साली अठरा. त्याच्या पुढच्या साली अठरा.

त्याने वही खिडकीपाशी नेऊन पाहिली. अक्षर त्याचंच होतं.

मग सगळं आठवलं. पहिल्या वर्षी ऊन फार होतं. गावातली घरं मोजून तो पाटलाच्या ओट्यावर टेकला, ताक आलं. वस्तीत किती असतील म्हणून त्याने विचारलं. पाटलाने पान थुंकून म्हटलं, असतील अठराएक. दुसऱ्या वर्षी पाटलानेच विचारलं, मागं किती लिहिलं होतं? अठरा. मग तेवढंच लिहा. तिसऱ्या वर्षी विचारलंही नव्हतं. ओट्यापासून वस्ती दोनशे पावलांवर होती. डॉक्टर विहिरीत उतरत नाही म्हणून तीन वर्षं दात काढणारा हा माणूस दोनशे पावलं चालला नव्हता.

डॉक्टराचा तिरस्कार करायला त्याला कधी कष्ट पडले नव्हते. आता तसाच तिरस्कार स्वतःचा वाटला, आणि तो गिळायला फार जड गेला.

पुढच्या रविवारी सकाळीच तो सायकल काढून कोळपांढरीला गेला. पाटलाने ओट्यावरून हाक मारली. तो थांबला नाही. नाला ओलांडला. वस्तीतल्या पहिल्याच झोपडीपुढे एक म्हातारी एका माणसाचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. घोट्याजवळून निघालेला नारू ती काडीवर गुंडाळत होती, इतक्या हलक्या हाताने की रोग्याने तोंडही वाकडं केलं नाही. ही धनुबाई. अख्ख्या वस्तीचे नारू तीच काढायची.

“कोन शे रे?” तिने मान वर न करता विचारलं.

“देवी डॉक्टर. नारूची गणती करायला आलोय.”

“तो शे का! पाटीलना वट्टावर बठेल ऱ्हास तो.” तिने काडी चिंधीने पायाला बांधली आणि मग त्याच्याकडे नीट पाहिलं. “तीन साल व्हई गयात, लोके लंगडी ऱ्हायनात. आते तुले गनती सुचनी?”

रूपचंदने वही उघडली. “गावातली विहीर बांधून काढली, पायऱ्या बंद झाल्या, तरी इथं नारू कसा?”

धनुबाई हसली. ते हसू रूपचंदला ओळखीचं वाटलं. डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडताना तो स्वतः असाच हसे.

“त्या इहीरवर आम्हले कोन चढू देस? पायऱ्या व्हत्यात तवय बी नही, आते कप्पी शे तवय बी नही. आम्हनं पानी ते शे.” तिने नाल्याकडे बोट केलं.

नाल्यात एक खड्डा होता. हिरवट, घोटाभर पाणी. एक बाई त्यात उतरून वाटीने घागर भरत होती आणि तिच्या पायाला चिंधी बांधलेली होती. रूपचंद बघत राहिला. याहून स्वच्छ पुरावा कलकत्त्याच्या कुठल्या मासिकाला मिळाला नसता, आणि तो तीन वर्षं ताक पीत बसला होता.

धनुबाईने दारातल्या घागरीतून वाटी भरून त्याच्यापुढे धरली. “पी. ऊनमातून उना शे.”

“तहान नाही.”

“लिखी ले तुन्ही वहीमा,” ती म्हणाली, “देवी डॉक्टर पानी पिना नही.”

रोगी हसला. शेजारच्या झोपडीतूनही कोणी हसलं. रूपचंदने मान खाली घातली आणि मोजायला सुरुवात केली. दुपार टळेपर्यंत तो सव्वीस झोपड्यांत फिरला. धनुबाई पुढे चालत होती. कुणाच्या कुठल्या पायाला, कुणाच्या कमरेला, कुणाला दोन-दोन, सगळं तिला तोंडपाठ होतं. गेल्या उन्हाळ्यातले सदतीस तिने घराघरानिशी सांगितले, एकदाही न अडखळता. या उन्हाळ्याचे एक्केचाळीस भरले.

सोमवारी त्याने लेखाचं अकरावं पान टाइप केलं. इंग्रजी त्याचं साधं होतं, आणि या पानाला तेच शोभलं. त्यात लिहिलं: कोळपांढरी गावात रोगी चौदांवरून एकावर आले. वस्तीसाठी तिन्ही वर्षी दिलेला अठरा हा आकडा मोजलेला नाही. मोजणाऱ्याने वस्तीत न जाता पाटलाच्या तोंडून घेतला. एप्रिल १९३६ मध्ये प्रत्यक्ष मोजले तेव्हा एक्केचाळीस निघाले. वस्तीच्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. ते नाल्यातल्या खड्ड्यात उतरून भरतात. म्हणून पायऱ्या बुजवल्याचा उपयोग ज्यांना विहीर आहे त्यांनाच झाला.

‘मोजणाऱ्याने’ या शब्दापाशी तो थांबला होता. खाडाखोड करता आली असती. ‘माहिती अपुरी होती’ असं लिहिलं तरी चाललं असतं. डॉक्टर हजार वेळा तसं लिहायचा. म्हणूनच त्याने तो शब्द ठेवला.

पाकीट बंद करण्याआधी तीनही प्रती डॉक्टरांपुढे गेल्या. डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं आणि मान डोलावली. मग एकदम शेवटचं, आभाराचं. आभारात सात साहेब होते. त्यांतल्या दोघांची जागा अदलाबदल करायला सांगितली, कारण दुसऱ्याला नुकतीच बढती मिळाली होती. फोटो हातात धरून पाहिला, लांब धरून पाहिला. मधली पंधरा पानं त्यांनी अंगठ्याने फर्रकन सोडली, पत्त्यांच्या कॅटासारखी.

“पाच गावं केलीस ना?”

“तक्ता पाहता का, साहेब?” रूपचंदने विचारलं.

“तक्ते काय पाहायचे! तू केलेयस ना?” आणि सही केली. रूपचंद पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर करून आला.

दिवाळीनंतर कलकत्त्याचं पत्र आलं. डॉक्टरांनी रूपचंदला बोलावलं तेव्हा ते उभे होते. खुर्चीत बसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

“हे संपादक म्हणतात, लेख स्वीकारला. आणि म्हणतात, कोळपांढरीबद्दलचं विवेचन हा लेखाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. एवढ्या प्रामाणिकपणे आपली चूक सांगणारे थोडे असतात. कुठली चूक? कोळपांढरी आपण काढली होती ना?”

“तुम्ही काढायला सांगितली होती. मी काढली नाही.”

डॉक्टरांनी कपाटातून आपली प्रत काढली आणि अकरावं पान वाचलं. आपल्याच लेखातलं ते पान ते पहिल्यांदा वाचत होते. रूपचंदने नोकरी गेली असं धरूनच ठेवलं होतं. म्हसावदला घरचं शेत होतं, थोरला भाऊ गिरधर टोमणे मारत का होईना ठेवून घेईल. डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, आणि हळूहळू चेहरा पूर्ववत होत गेला.

“तसं पाहिलं तर,” ते म्हणाले, “माझ्या मनात हेच होतं. मला फक्त ते नीट मांडलेलं हवं होतं.”

एवढ्या थोड्या वेळात एवढं मोठं खोटं पचवणाऱ्या माणसाकडे रूपचंद नुसता पाहत राहिला.

“आणि ही चूक करणारा मोजणारा कोण, हे कुठे बोलू नकोस,” डॉक्टर उदारपणे म्हणाले. “मीही बोलणार नाही.”

लेख छापून आला. संपूर्ण लेखात रूपचंदचा उल्लेख तेवढाच होता: नाव नसलेला, वस्तीत न गेलेला मोजणारा. धुळ्याला डॉक्टरांचं व्याख्यान झालं. त्यांनी भिल्ल वस्तीच्या पाण्याचं असं वर्णन केलं की पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे टिपले. खड्ड्यात घागर भरणाऱ्या बाईच्या पायाची चिंधीसुद्धा त्यांनी सांगितली. ती रूपचंदनेच त्यांना आदल्या दिवशी सांगितली होती.

परतल्यावर रूपचंदने एक अर्ज टाइप करून पुढे ठेवला. वस्तीसाठी वेगळी विहीर खणावी, असं लोकल बोर्डाला लिहिलं होतं.

“वैद्यकीय लेखाचा आणि विहीर खणण्याचा काय संबंध?” डॉक्टर म्हणाले.

रूपचंदला आता या माणसाची किल्ली पक्की ठाऊक झाली होती. ती वापरताना त्याला लाज वाटली नाही.

“विहिरीवर दगड बसवतात, साहेब. कोणाच्या संशोधनावरून विहीर झाली ते दगडावर लिहितात.”

डॉक्टरांनी पेन उघडलं. “दगड काळा की पांढरा?”

“आपण म्हणाल तसा.”

सही झाली. बोर्डाने वर्ष लावलं, पाटलाने जागेवरून खोडा घातला, पण १९३८ च्या वैशाखात चाळीस हातांवर पाणी लागलं. तोवर डॉक्टर बढतीवर निघून गेले होते आणि दगडाची आठवण कुणालाच राहिली नाही. विहिरीला पायऱ्या नव्हत्या.

नव्या डॉक्टरांना हिवतापात रस होता. त्यांनी पहिल्याच आठवड्यात रूपचंदला विचारलं, टाइप करतोस म्हणे? रूपचंद म्हणाला, करतो, पण आकडे मी सांगेन ते जातील. नवे डॉक्टर हसले. त्यांना ती गंमत वाटली.

१९३९ चा उन्हाळा संपताना रूपचंद कोळपांढरीच्या वस्तीत सव्वीस झोपड्या फिरला. धनुबाई पुढे होती, पूर्वीपेक्षा वाकलेली. सहा रोगी निघाले. ते त्याने घरागणिक वहीत लिहिले. कोणी मागितले नव्हते आणि कुठे छापायचेही नव्हते.

“आते तुन्हं काम काय, आजी?” त्याने विचारलं.

“काम?” धनुबाईने नव्या विहिरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “तुन्ही गनती तपासाले कोनी तरी पाहिजे ना.”

आणि वही त्याच्या हातातून घेऊन, एक अक्षर न ओळखता, तिने सहाही घरं बोटावर मोजून पाहिली.