पत्र्यावरचा चेंडू

चित्रकलेच्या बाईंनी चौथीच्या वर्गाला फर्मान सोडलं, की प्रत्येकाने स्वतःचं चित्र काढायचं, पण त्यात तोंड दिसता कामा नये. आपण ज्या वस्तूसारखे आहोत असं वाटतं, ती वस्तू काढायची. पालकसभेच्या दिवशी चित्रं नावांशिवाय भिंतीवर लागणार आणि आईबापांनी आपलं पोर ओळखायचं.

मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, हे मुळीच पटलं नाही. त्यांचा दराराच असा, की त्यांच्या खोलीवरून जाताना पोरंच काय, शिपाईसुद्धा चवड्यांवर चालायचा. परीक्षेत हे विचारणार आहेत का, असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं. पण दारात मात्र पुरा तासभर उभ्या राहिल्या.

पोरं कामाला लागली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या टकळीने बंद न होणारा नळ काढला आणि खाली भरून वाहणारी बादली. दोन दांडगट भावांच्या मधल्या बहिणीने दोन लठ्ठ उशा काढल्या आणि त्यांच्यात चुरगळलेला रुमाल कोंबला. वर्गातल्या शहाण्याने खोडरबर काढलं. तो म्हणे चुकतच नाही, दुसऱ्यांचं तेवढं पुसतो. बाईंनी हसू कसंबसं दाबलं.

सभेच्या सकाळी बाईंनी भिंतीवरची चित्रं मोजली. मुलं चोवीस, चित्रं पंचवीस. पुन्हा मोजली तरी पंचवीसच. जास्तीच्या चित्रात पत्र्याच्या छपरावर अडकलेला लाल चेंडू होता आणि खाली अंगणातून पाठमोरी पोरं घरी निघाली होती. बाईंनी कागद उलटून पाहिला. मागे छापलेलं होतं, 'व्हरांड्यात धावण्यास सक्त मनाई.' या सूचनेचा गठ्ठा अख्ख्या शाळेत एकाच टेबलावर असायचा, मोठ्या बाईंच्या. बाईंनी चित्र मुकाट्याने पुन्हा लावलं. फक्त जागा बदलली, बरोबर मधोमध.

पालक आले आणि एकच गोंधळ उडाला. विजेची कामं करणारे एक वडील छातीठोकपणे चेंडूपाशी जाऊन उभे राहिले. त्यांची मुलगी अशीच, उंच जाऊन बसते आणि हाका मारल्या तरी उतरत नाही. दातांच्या डॉक्टर असलेल्या एका आईने त्यांना बाजूला सारलं. चेंडू तिच्या लेकाचाच, कारण त्याला वाटतं, सगळ्यांनी शिडी लावून आपल्याला न्यायला यावं. तेवढ्यात एका आजोबांनीही हक्क सांगितला. बघता बघता सात घरं त्या चेंडूवरून हमरीतुमरीवर आली आणि सातही पोरं 'आमचं नाही' म्हणून माना हलवत राहिली.

मोठ्या बाई खिडकीपाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. चेहरा दगडासारखा, पण कान लालबुंद. चित्रकलेच्या बाईंना काही राहवेना. अगदी साळसूदपणे त्यांनी आजोबांना विचारलं, की हे ज्याने काढलं त्याचा स्वभाव कसा असेल.

"आतून खेळकर," आजोबा म्हणाले. "पण बिचाऱ्याला कुणी खेळायलाच घेत नसेल. घाबरत असतील त्याला."

मोठ्या बाई खाकरल्या.

"ते माझं आहे."

सातही घरांची तोंडं एकदम मिटली. टकळीचं तेवढं उघडंच होतं.

"मग या ना खाली," ती म्हणाली. "आम्ही कुठे नको म्हटलंय?"

मोठ्या बाई तडक आपल्या खोलीकडे निघून गेल्या. आता आपली काही धडगत नाही, असं चित्रकलेच्या बाईंना वाटलं. संध्याकाळी बोलावणं आलंच. पण मोठ्या बाईंनी फायलीतून मान वर न काढता एवढंच विचारलं, की चित्रकलेचा पुढचा तास कधी आहे.

तास शुक्रवारी होता. त्या आल्या आणि शेवटच्या बाकावर टकळीशेजारी अंग चोरून बसल्या. पाच मिनिटं झाली नाहीत तोच टकळीचा हात वर. मोठ्या बाईंनी तिचा हिरवा खडू न विचारता घेतला होता आणि वर 'मी नाही' म्हणत होत्या. एरवी असली तक्रार थेट मोठ्या बाईंकडेच जायची. चित्रकलेच्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मोठ्या बाई," त्या म्हणाल्या, "उठा. पहिल्या बाकावर या."

मोठ्या बाई निमूटपणे उठल्या आणि पुढे येऊन बसल्या. खडू मात्र मुठीतच होता.