ताइर्योच्या पोटातला गोळा

बेटाच्या सभागृहात त्या सकाळी सदतीस पिंजरे होते, त्यांत छत्तीस मांजरं. शिवाय शस्त्रक्रियेची दोन टेबलं, सलाइनच्या नऊ पिशव्या, आणि खोक्याच्या तळाशी मागच्या कुठल्याशा खेपेची राहिलेली, सुतळीहून बारीक अशी एक नळी. चिहारूने सगळं दोनदा मोजलं. पशुवैद्यकीची पदवी मिळून तिला वर्षही झालं नव्हतं, आणि मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"एक पिंजरा रिकामा कसा?" तिने विचारलं.

"तीन रंगांचं एक मांजर सापडलेलं नाही," ओनुमाबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. त्या तिच्या वरिष्ठ डॉक्टर. "इसाकु कोळ्याच्या बोटीभोवती असायचं म्हणे. आपण येणार कळल्यापासून गायब आहे."

दुपारपर्यंत पंचवीस मांजरांच्या नसबंद्या झाल्या. प्रत्येकाच्या कानाच्या टोकाला चेरीच्या फुलाच्या पाकळीला असते तशी खाच पडली, म्हणजे पुन्हा कुणी पकडायला नको. सव्विसावं टेबलावर असताना दार धाडकन उघडलं. मासळीची पेटी छातीशी धरून इसाकु आत धावत आला. सत्तरीचा गडी, गमबूट ओले, चेहरा पांढराफटक.

"डॉक्टरबाई, बघा हो! याला बद्धकोष्ठ झालंय. कालपासून कोपऱ्यात बसून नुसता जोर करतोय."

पेटीत तेच मांजर होतं. पांढरं, काळं, पिवळं. ते घोगऱ्या आवाजात ओरडलं आणि आडवं झालं.

ओनुमाबाईंचे हात शस्त्रक्रियेत गुंतले होते. "चिहारू, तू बघ."

चिहारूने पोट दाबून पाहिलं. आत संत्र्याएवढा टणक गोळा. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पिवळा आणि काळा रंग एकाच अंगावर यायचे तर दोन एक्स गुणसूत्रं लागतात, म्हणजे ही मादी. मादी जोर करतेय, पोटात गोळा.

"पिल्लू अडकलंय!" ती ओरडली. "बाई, दुसरं टेबल घेते. पोट उघडावं लागेल."

तिने केस भादरायचं यंत्र सुरू केलं. त्याची घरघर ऐकताच इसाकुने तिचं मनगट पकडलं.

"पिल्लू कसलं? अहो, बोका आहे तो!"

"काका, तीन रंगांचा बोका हजारांत एखादाच असतो."

"म्हणून तर लपवला!" इसाकुचा आवाज फाटला. "असला बोका बोटीवर असला की जाळं भरून येतं. माझ्या आजोबांच्या बोटीवरही होता. तुम्ही कापलात तर नशीब जायचं, म्हणून परवापासून बोटीच्या खणात कोंडला. ताइर्यो नाव ठेवलंय त्याचं, म्हणजे भरघोस मासळी."

पलीकडून, मान वर न करता, ओनुमाबाईंनी विचारलं, "शेपटी उचललीस का गं?"

चिहारूने शेपटी उचलली.

खरंच, बोकाच होता. पुस्तकात एका ओळीत उरकलेला प्राणी तिच्या हाताखाली धापा टाकत होता. आणि बोका म्हटल्यावर तो गोळा पिल्लू नव्हता, फुटायला आलेली लघवीची पिशवी होती. तिने छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके मिनिटाला शंभरसुद्धा नव्हते. दुप्पट हवे होते.

"लघवी तुंबलीय, विष रक्तात चढतंय! काका, खणात वाळू ठेवली होती? पाणी?"

"वाळवलेली मासळी ठेवली होती. भरपूर."

"वा! तहानेनं मारायचीच सोय."

"ओरडा नंतर," ओनुमाबाई म्हणाल्या. "सलाइन लाव, हृदयाचं औषध दे. मग हलकी गुंगी आणि नळी. घाईत वाकवू नकोस, एकच आहे."

ठोके वाढू लागल्यावर चिहारूने गुंगी देऊन नळी त्याच्या मूत्रमार्गात सरकवली. ती अर्ध्या बोटावर अडली. तिने मागून सलाइनचा दाब दिला. वाळूच्या कणांसारखं काहीतरी करकरलं, हललं, पुन्हा अडलं.

इसाकु डोकं धरून होता. "जाईना का नशीब, बाई. मी एकटाच राहतो. हा गेला तर बोटीवर बोलू कुणाशी?"

"त्याच्याशी बोलताय ते बरंय," चिहारू नळीवरची नजर न काढता म्हणाली. "पाणीही पाजत जा. वाळूचं खोकं बोटीवर, वाळवलेली मासळी बंद."

"आणि... ते कापायचं?"

"तो बरा झाल्यावर, पुढच्या खेपेला. तुम्ही स्वतः घेऊन यायचं. लपवाछपवी नाही."

"आणतो. नशीब राहील ना पण?"

"नशिबाला आधी मुतू दे, इसाकु!" ओनुमाबाई कडाडल्या.

चिहारूने नळी किंचित मागे घेतली, बोटात फिरवली, पुन्हा दाब दिला. अडथळा एकदम सुटला. लालसर धार ताटलीत इतक्या जोरात आदळली की इसाकु दचकला, मग हसायलाच लागला.

"आली! आली हो, आली!"

"काका, टेबल हलवू नका!" तीही हसत होती.

धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. हाताखालचा गोळा नाहीसा झाला होता. ठोके एकशे सत्तर. चिहारूने ताटलीतलं सगळं मोजपात्रात ओतलं, ते टेबलावर ठेवलं आणि वाकून डोळे रेषेच्या पातळीला आणले.

एकशे चौदा मिलिलिटर.